गांजा, भ्रमिष्टपणा आणि एक जुनी चौकशी

आपल्या मंडळाच्या वंशावळ समितीचे काम गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाकडे आहे, हे बहुतेक ज्ञातिबांधवांना ठाऊकच आहे. घरोघरीची जुनी बाडे, जमाखर्चाच्या चोपड्या, पैठण व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील उतारे, जुन्या लग्नपत्रिका, जे मिळेल त्यावरून पिढ्या जुळवावयाच्या आणि शंका आली की घरातील वडीलधाऱ्यांना विचारावयाचे, असे हे सावकाशीचे काम आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी चिटणिसांनी लेखाचा आग्रह धरला तेव्हा एखाद्या कर्तृत्ववान पूर्वजाचे चरित्र लिहावे असे प्रथम मनात आले. तशी चरित्रे या पानांतून दरवर्षी येतात व ती यावयासच हवीत. परंतु वंशावळीच्या कागदांत कर्तृत्ववान पुरुषांच्या शेजारीच काही नावे अशी आढळतात की, त्यांच्यापुढे दोन शब्द लिहून लिहिणाऱ्याने घाईघाईने हात आवरता घेतलेला असतो. अशाच एका शेऱ्याचा मागोवा घेताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

तो शेरा आमच्याच घराण्याच्या वंशावळीत आहे. माझ्या पणजोबांच्या धाकट्या बंधूंच्या नावापुढे 'गांजाने भ्रमिष्ट. घर सोडले.' एवढेच लिहिले आहे. पत्नीचे नाव नाही, अपत्यांची जागा रिकामी आहे आणि सालही घातलेले नाही. अलीकडच्या व पलीकडच्या नोंदींवरून ही गोष्ट शके १८१३ ते १८१६ च्या दरम्यानची, म्हणजे इसवी सन १८९१ ते १८९४ च्या सुमाराची असावी. शेरा लिहिणारे गृहस्थ आमचेच एक भाऊबंद. त्यांनी ही वंशावळ १९२५ च्या आसपास तयार केली. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्यांनी पाहिलेलेही नव्हते. परंतु लिहिलेल्या अक्षराला वजन येते. त्या पूर्वजांचे नाव आमच्या घरात पुन्हा कोणत्याही मुलाला ठेवले गेले नाही. पुढे माझ्या एका आत्याच्या सोयरिकीची बोलणी सुपारी फुटण्याच्या बेतास आली असता मोडली, ती याच दोन शब्दांवरून. 'आपल्या घराण्यात वेड आहे असे कानावर आले,' असा निरोप मध्यस्थाकरवी आला. आत्याचा विवाह नंतर दुसऱ्या चांगल्या स्थळी झाला व तिचा संसारही सुखाचा झाला. तथापि ती कळ माझ्या वडिलांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही.

हा शेरा बरोबर की चूक, हे ठरविण्याचे साधन घरात नव्हते. निवृत्तीनंतर जुने सरकारी अहवाल वाचण्याचा नाद लागला, त्यात अकस्मात एक अहवाल असा सापडला की, ज्या वर्षांत आमचे हे पूर्वज घर सोडून गेले त्याच वर्षांत, नेमक्या याच दोन शब्दांच्या संबंधाची चौकशी साऱ्या हिंदुस्थानभर चालू होती. गांजाने माणूस वेडा होतो काय, हा त्या चौकशीचा एक मुख्य प्रश्न होता.

चौकशीकडे वळण्यापूर्वी त्या काळच्या आपल्या जिल्ह्याची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले) गांजा ही त्या वेळी चोरून आणावयाची वस्तू नव्हती. मुंबई इलाख्यात गांजाची जी लागवड होत असे तिच्यात नगर जिल्हा प्रमुख होता. आज उसासाठी व दुधासाठी जिल्ह्याचे नाव घेतात, तसे तेव्हा अबकारी खात्याच्या कागदांत ते गांजासाठी घेतले जाई, हे आपल्यापैकी पुष्कळांना नवलाचे वाटेल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या मालावर सरकारी देखरेख होती आणि विक्री परवान्याच्या दुकानांतून होत असे. एकाच झाडापासून तीन जिन्नस निघतात: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. गांजासाठी शेतातील नर झाडे फुलण्यापूर्वी हुडकून उपटावी लागतात. ती राहिली तर फुलोऱ्यात बी धरते व माल हलका होतो. म्हणून या पिकाला डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस लागे. पीक कापून वाळवून, पायांनी तुडवून चपटे करीत आणि मग ते व्यापाऱ्याकडे जाई.

ओढणारे कोण, हेही सांगितले पाहिजे. गोसावी, बैरागी, फकीर हे तर उघडच. त्यांच्या धुनीभोवती चिलीम फिरत असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. थंडीवाऱ्यात राखणीला असलेले, अंगमेहनतीने थकलेले लोकही ओढीत. तालमीत भांग घोटली जाई, शिवरात्रीस ती प्रतिष्ठित घरांतही येई. मौज अशी की, भांग पिणारा तो 'शौकीन' आणि गांजा ओढणारा तो 'गंजडी'. झाड एकच, परंतु एक जिन्नस दिवाणखान्यात जाई आणि दुसरा वेशीबाहेरच्या मठात, एवढ्यावरून माणसाची किंमत ठरे. हा भेद पुढे वेडाच्या हिशेबातही कसा शिरला, ते दिसेलच.

विलायतेत त्या वेळी मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. तिचे एक पुढारी विल्यम केन हे पार्लमेंटाचे सभासद होते आणि हिंदुस्थानच्या प्रश्नांत लक्ष घालीत. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून चौकशीचा विचार निघाला, आणि हिंदुस्थान सरकारने ती केवळ बंगालपुरती न ठेवता सर्व देशाला लागू केली. ३ जुलै १८९३ च्या ठरावाने आयोग नेमला गेला आणि ३ ऑगस्ट रोजी कलकत्त्यास त्याची पहिली बैठक झाली. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यातील एक कलेक्टर ओमनी, मध्य प्रांतातील फ्रेझर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे अध्यापक डॉ. वॉर्डन, आणि तीन हिंदी गृहस्थ होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग व मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. या मंडळींनी ७० प्रश्नांची यादी छापून देशभर पाठविली, गावोगाव फिरून १,१९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि ६ ऑगस्ट १८९४ रोजी अहवालावर सह्या केल्या. साक्षीपुरावा धरून त्याचे सात खंड झाले. एका वर्षात एवढे काम झाले हे पाहून, आमच्या समितीला एका तालुक्याच्या वंशावळी जुळविण्यास किती वर्षे लागली, याची आठवण होऊन लेखकाला थोडी लाज वाटली.

अहवालात शेती, व्यापार, कर, धर्म, सैन्य असे अनेक विषय आहेत. ते येथे सोडून देतो. आपल्या कामाचा भाग आहे तो वेड्यांच्या इस्पितळांचा. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद येथे अशी इस्पितळे होती. दर इस्पितळातून दर वर्षी सरकारास तक्ते जात. त्यांत किती वेडे दाखल झाले, त्यांचे वय, धंदा, आणि वेडाचे कारण, असे रकाने असत. या कारणाच्या रकान्यात 'गांजा' हा शब्द इतक्या वेळा येई की, गांजाने वेड लागते हे शास्त्राने सिद्ध झाले आहे, असे डॉक्टर, कलेक्टर व वर्तमानपत्रे सारेच धरून चालले होते. आयोगाने १८९२ सालचे सर्व तक्ते मागविले. त्या साली देशातील इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली, त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस असे लिहिलेले होते. सहा जणांत एक! एवढ्यावर दुसऱ्या कोणी निकाल देऊन टाकला असता.

आयोगाने विचारले ते असे की, हा शब्द या रकान्यात लिहिला कोणी? उत्तर ऐकून वाचक आश्चर्य करतील. १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणारा वेडा माणूस पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे न्यावयाचा असे. त्याच्यासोबत माहितीचा एक कागद भरावा लागे आणि त्यात कारणाची जागा असे. पोलीस शिपायाला त्या माणसाचे गाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. माणूस स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नाही. अंगावर राख असली, कमरेला चिलीम असली, किंवा कोणी बघ्याने 'हा ओढतो' असे म्हटले की, कागदावर गांजा चढला. कित्येकदा तर चिलमीचीही गरज पडत नसे. इस्पितळाचा डॉक्टर तोच शब्द आपल्या वहीत उतरी. 'कारण अज्ञात' असे फार वेळा लिहिले तर वरिष्ठ नाराज होतात; त्यापेक्षा काही एक लिहिलेले बरे. वहीतला शब्द वार्षिक तक्त्यात जाई, तक्त्यातला अहवालात, आणि अहवाल वाचून तयार झालेला पुढचा डॉक्टर नवीन रोगी आला की आधी गांजाच शोधी. शिपायाचा तर्क अशा रीतीने चार हातांतून फिरून शास्त्र होऊन बसला होता.

मग आयोगाने या २२२ प्रकरणांची पुन्हा चौकशी करविली. रोग्यांच्या गावी माणसे पाठविली, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारले. हा मनुष्य गांजा ओढीत होता काय? किती? वेडाची लक्षणे आधी दिसली की व्यसन आधी लागले? घराण्यात पूर्वी कोणाला असे झाले होते काय? फेफरे येत असे काय? दारू, अफू, धोत्रा यांचे सेवन होते काय? काही मोठे दुःख झाले होते काय? अशी उत्तरे गोळा झाली तेव्हा २२२ पैकी ९८ प्रकरणेच उरली. त्यांतही केवळ गांजा-भांगेकडे बोट दाखविता येईल अशी ६१ होती. उरलेल्या ३७ प्रकरणांत दुसरीही कारणे मिसळलेली होती. म्हणजे १,३४४ दाखल रोग्यांत ज्यांच्या बाबतीत गांजाचा संशय टिकला ते शंभरात सातांहून थोडे अधिक. बाकीचे १२४ जण सरकारी दप्तरात गंजडी म्हणून नोंदले गेले होते. त्यांच्यातील कित्येकांनी कदाचित चिलीम हातातही धरली नसेल.

याच आयोगासाठी कलकत्त्यास डॉ. कनिंगहॅम यांनी माकडाला गांजाचा धूर देऊन प्रयोग केले, तीही हकीकत अहवालात आहे. ती वाचण्यास गमतीची असली तरी माकडाला भाऊबंद विचारीत नाहीत व त्याची सोयरीकही मोडत नाही, तेव्हा तिचा विस्तार करीत नाही.

आयोगाचा निष्कर्ष थोडक्यात असा होता: माफक सेवनाने मनाला बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि ज्याचे मन मुळातच दुबळे वा ज्याच्या घराण्यात विकार आहे त्याला अतिसेवनाने वेड लागू शकते. म्हणून सर्वस्वी बंदी न करता लागवड, साठा व विक्री यांवर कडक नियंत्रण ठेवावे, कर वाढवावा, दुकाने कमी करावीत, अशी शिफारस झाली. बंदी केल्यास लोक याहून वाईट नशेकडे वळतील, ही भीतीही तीत होती. येथे एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारला या मालापासून महसूल मिळत होता, आणि महसूल घेणाऱ्याने नेमलेल्या आयोगाने 'माफक सेवन निरुपद्रवी' असे म्हणावे, याकडे कोणी संशयाने पाहिल्यास त्याला दोष देता येत नाही. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनी, असहमतीची टिपणे जोडली. या देशात राहून घरोघरीचे हाल पाहणाऱ्यांचे मत वेगळे पडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी उणीव लेखकाला अधिक महत्त्वाची वाटते. आयोगाने शिपायावर विश्वास ठेवला नाही, पण नातेवाइकांवर ठेवला. वंशावळीचे काम केलेल्या माणसाला याचे हसू येईल. घरातले लोक व्यसन लपवितात, आणि पिढीजात वेड तर त्याहून अधिक लपवितात. 'आमच्या मुलाला पूर्वी काही नव्हते, संगतीने बिघडला,' असे म्हणण्यात सोय असते; उलट कोठे 'तो कधी ओढीत नव्हता' असे म्हणण्यात सोय असते. विचारणाऱ्याच्या अंगात सरकारी कोट असेल तर प्रश्नच मिटला. तेव्हा ९८ हा आकडाही वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. आयोगाचे खरे काम त्या आकड्यात नाही. रकान्यातला शब्द कोणी लिहिला व कोणाला विचारून लिहिला, हा प्रश्न त्याने केला, यात आहे.

पुढच्या संशोधनाने पारडे थोडे दुसऱ्या बाजूलाही झुकविले आहे, आणि तेही तरुण वाचकांनी ऐकले पाहिजे. १९८७ साली स्वीडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५,००० हून अधिक तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेतला असता, ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा वा तत्सम पदार्थ घेतला होता त्यांच्यात, न घेणाऱ्यांच्या मानाने, स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार सुमारे सहापट आढळला. घेणाऱ्यांतील बहुसंख्यांना तो झाला नाही, हेही खरे. परंतु ज्याच्या मनाची घडण नाजूक आहे त्याला, विशेषतः कोवळ्या वयात, हा खेळ महागात पडतो, हे आता पुष्कळ अभ्यासांनी दाखविले आहे. आयोगाने १८९४ साली 'मुळातला दुबळेपणा' म्हणून जे लिहिले तेच येथे अधिक काटेकोरपणे मोजले गेले. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर गांजा १९८५ च्या कायद्याने निषिद्ध झाला. तरी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख असल्याचे दिसले. सोयरीक जुळविताना लोक गांजाची चौकशी दबक्या आवाजात करतात आणि दारूची करीतच नाहीत. आकडे मात्र असे आहेत.

आपल्याच जिल्ह्यात पुढे आणखी एका संशोधकाने हा विषय निराळ्या बाजूने हाताळला. नगरजवळ अरणगाव येथे मेहेरबाबांचे मेहेराबाद आहे, ते सर्वांना परिचित आहे. त्यांच्याविषयी ज्याची त्याची श्रद्धा. त्यात येथे शिरावयाचे नाही. १९३६ साली त्यांनी राहुरीस वेड्यांसाठी एक आश्रम काढला व तेथे ते स्वतः या लोकांना स्नान घालीत, जेवू घालीत. त्यांच्याकडे आलेले विल्यम डॉन्किन हे इंग्रज डॉक्टर होते. मेहेरबाबा देशभर हिंडून ज्या 'मस्त' म्हणविल्या जाणाऱ्या, ईश्वराच्या छंदात देहभान हरपलेल्या माणसांना भेटले, त्यांची हकीकत डॉन्किन यांनी 'दि वेफेअरर्स' या ग्रंथात लिहिली. तो १९४८ साली अहमदनगर येथूनच प्रसिद्ध झाला. मस्त कोण व साधा वेडा कोण, हा भेद वैद्यकाच्या पुस्तकात बसणारा नाही, आणि तो पटावा असा आग्रहही नाही. परंतु या ग्रंथाची रीत मोठी विलक्षण आहे. गावाचे नाव, भेटीची तारीख, माणूस कोठे बसतो, अंगावर काय पांघरतो, काय खातो, कोणाशी बोलतो, असे एकेका माणसाचे वेगळे टिपण त्यात आहे. ज्यांना गाव 'वेडा' या एका शब्दाने ओळखीत होते त्यांच्यासाठी एका डॉक्टराने इतकी पाने खर्ची घातली. त्या याद्या चाळताना, एखाद्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेला म्हातारा आमच्या घरचा तर नव्हे, असा विचार कितीदा तरी मनात आला. काळाचा हिशेब केला तर तो खुळाच विचार होता.

गोसाव्यांच्या धुनीवर जे मानले जाई, की चिलमीने देव जवळ येतो, तेच १९६० नंतर अमेरिकेतील सुशिक्षित तरुण एलएसडी नावाच्या रसायनाविषयी मानू लागले. हार्वर्ड विद्यापीठात टिमोथी लीरी यांच्या हाताखाली शिकलेले ॲलन कोहेन हे मानसशास्त्रज्ञ त्यांतलेच. त्यांनी मेहेरबाबांशी पत्रव्यवहार केला. नगरहून आलेले उत्तर असे की, ही द्रव्ये शरीराला, मनाला व अध्यात्माला तिन्हींना घातक आहेत. जुनाट मद्यासक्ती वा तीव्र मनोविकार यांत डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध म्हणून उपयोग झाला तर तेवढाच अपवाद. १९६६ साली हे विचार सॅन फ्रान्सिस्को येथे पुस्तिकारूपाने निघाले. कोहेन यांनी पुढे व्यसनप्रतिबंधाच्या संशोधनाचेच काम केले. 'सोड' म्हणण्याआधी हा मुलगा त्या नशेत काय शोधीत होता ते पाहा आणि ते मिळण्याची दुसरी वाट त्याला दाखवा, असे त्यांचे सांगणे होते. आपल्याकडे पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा दोष नसून आजार आहे, हे मराठी घरांना त्या संस्थेमुळे बऱ्याच अंशी पटले. त्याआधीच्या काळात आमच्या पूर्वजांना विचारणारे कोण होते?

विचारणारे नव्हते, पण सांगणारे एक माणूस होते. माझ्या आजोबांच्या धाकट्या भगिनी, आमच्या आत्याआजी, १९७० च्या सुमारास ऐंशीच्या घरात होत्या. त्यांच्या चुलत्यांनी घर सोडले तेव्हा त्या तीन-चार वर्षांच्या असतील; जे ठाऊक होते ते आईकडून ऐकलेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत शेवगाव तालुक्यातील मूळ गावी गेलो असता एका संध्याकाळी त्यांना सहज विचारले, "आजी, तुमचे धाकटे काका गांजाने वेडे झाले, हे खरे का हो?"

त्या तांदूळ निवडीत होत्या. सुपावरचा हात थांबला. "गांजा ओढीत, ते खरे आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी काय झाले ते कोणी लिहिले का रे, बाळ?"

मग त्यांनी सांगितले. त्या वर्षी पावसाळ्यात गावात पटकी आली. काकांची पत्नी गेली आणि आठ दिवसांच्या आत दोन वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर काका बोलेनासे झाले. विहिरीच्या थारोळ्याशी दिवसदिवस बसत. जेवावयास हाक मारली तर येत, न मारली तर येत नसत. घरच्यांनी आधी देवऋषी पाहिला, मग दुसरे लग्न लावण्याचा घाट घातला. थंडीत गोसाव्यांचा एक जथा मारुतीच्या देवळात उतरला होता. काका त्यांच्या धुनीशी जाऊन बसू लागले. तेथे त्यांना कोणी काही विचारीत नसे. चिलीम तेथे हातात आली. रात्री झोप लागू लागली, असे त्यांनी आत्याआजींच्या आईस, म्हणजे आपल्या वहिनीस, सांगितले होते म्हणे. जथा पैठणच्या वाटेला लागला तेव्हा काकाही गेले. पणजोबा दोनदा शोधास जाऊन हात हलवीत परत आले. पुढे कोणी विचारले तर पणजोबाच सांगत, गांजाने डोके फिरले. भावाने दुःखाने घर टाकले, आणि आपण त्याचे दुसरे लग्न ठरवीत होतो, हे सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

या हकीकतीने काही सिद्ध होते असे लेखकाचे म्हणणे नाही. ती ऐकीव आहे, आणि सांगणाऱ्या वृद्धेचे आपल्या चुलत्यावर प्रेम होते. कदाचित त्यांना मुळातच काही विकार असेल. कदाचित चिलमीने तो वाढलाही असेल. कोणी वैद्याने त्यांना पाहिले नव्हते आणि १८९३ सालच्या त्या चौकशीचे माणूस आमच्या गावी कधी आले नव्हते.

मंडळाच्या वंशावळीची नवी आवृत्ती छापण्यास जात आहे. तिच्यात आमच्या घराण्याच्या पानावर या पूर्वजांच्या नावापुढे पत्नीचे नाव घातले आहे. ते आत्याआजींना आठवत होते. मुलाचे नाव मिळाले नाही. तेथे 'एक पुत्र, बालवयात मृत' असे लिहिले आहे. त्यापुढे 'पत्नी व पुत्र पटकीने निवर्तल्यावर घर सोडले' असे आहे. कारणाचा रकाना मोकळा ठेविला आहे. आणखी ज्या घरांच्या वंशावळीत अशी नावे असतील त्यांनी छपाईपूर्वी समितीकडे कळवावे. घरातील कोणा वृद्ध माणसाला काही आठवत असेल तर ते ऐकण्यासाठी लेखक स्वतः येण्यास तयार आहे.